वय विचारलं, रचना विचारलीच नाही

४ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे झेप फाउंडेशन या संस्थेची जनहित याचिका आली. १३ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया वापरायला कायद्यानंच बंदी घालावी, वय तपासायला बायोमेट्रिकसारखी पक्की व्यवस्था आणावी आणि नियम मोडणाऱ्या कंपन्यांना जबर दंड करावा, असं संस्थेचं मागणं होतं. न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठानं याचिका ऐकायला नकार दिला. हा धोरणाचा विषय आहे, संसदेला कायदा करायला सांगा, असं म्हणून न्यायालयानं संस्थेला सरकारकडे निवेदन द्यायची मोकळीक दिली. निवेदन आलंच तर त्यावर आठ आठवड्यांत निर्णय घ्यावा, एवढं सांगून प्रकरण निकाली निघालं.

न्यायालयाचं चुकलं असं मला वाटत नाही. बंदी घालायची की नाही हे ठरवणं खरोखरच संसदेचं काम आहे. पण याचिकेत जे मागितलं होतं आणि जे मागायचं राहून गेलं होतं, त्यातच आपल्याकडच्या या सगळ्या चर्चेची मर्यादा दिसते. मूल किती वर्षांचं असावं, हा प्रश्न दिल्लीतली न्यायालयं गेली बारा-तेरा वर्षं ऐकत आहेत. मुलाच्या हातात पडणारी वस्तू कशी बनवली आहे, का तशी बनवली आहे आणि त्यातून झालेल्या नुकसानाला जबाबदार कोण, हा प्रश्न मात्र इथे कोणी नीट विचारलेलाच नाही. अमेरिकेत सध्या जे खटले गाजत आहेत, ते नेमके या दुसऱ्या प्रश्नावर उभे आहेत.

दिल्लीत वयाच्या प्रश्नाची सुरुवात झाली ती २०१२ मध्ये. के. एन. गोविंदाचार्य यांनी दिल्ली उच्च न्यायालयात केंद्र सरकार, फेसबुक आणि गूगल यांच्याविरुद्ध याचिका केली. तिच्यात कराचा मुद्दा होता, भारतीयांची माहिती परदेशी जाण्याचा होता आणि लहान मुलांच्या खात्यांचाही होता. मुद्दा सरळ होता. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. सज्ञान नसलेल्याशी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं, ते आजही विधी शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवलं जातं. मग 'मला अटी मान्य आहेत' असं बटण दाबून बारा वर्षांचा मुलगा अमेरिकी कंपनीशी कसला करार करतो? न्या. बी. डी. अहमद आणि न्या. विभू बाखरू यांच्या खंडपीठानं हा प्रश्न २०१३ मध्ये केंद्राला विचारला. फेसबुकचं म्हणणं असं, की १३ वर्षांखालच्यांना आम्ही खातं उघडूच देत नाही. तसं असेल तर ते पहिल्याच पानावर ठळक लिहा, असं न्यायालयानं सांगितलं.

हा १३ चा आकडा आला कुठून? आपल्या कुठल्याही कायद्यात तो नव्हता. अमेरिकेनं १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन माहितीबद्दल एक कायदा केला. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही, असं त्यात आहे. परवानगीच्या भानगडीत पडण्यापेक्षा कंपन्यांनी १३ च्या आतल्यांना नकारच देऊन टाकला, आणि तोच आकडा जगभर गेला. मुलाची समज किती, त्याच्या मनावर काय परिणाम होतो, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. दिल्लीच्या न्यायालयात आपण ज्या रेषेवर वाद घालत होतो, ती रेष वॉशिंग्टनमध्ये वेगळ्याच कामासाठी ओढलेली होती.

आणि ती रेष प्रत्यक्षात कशी ओलांडली जाते, ते कुठल्याही घरात बघायला मिळतं. खातं उघडताना जन्मतारखेची तीन चाकं पडद्यावर येतात: दिवस, महिना, वर्ष. पोरगं दिवस आणि महिना खरा ठेवतं, म्हणजे वाढदिवसाला शुभेच्छा बरोबर त्या दिवशी येतात. मग वर्षाच्या चाकावर अंगठा ठेवून जोरात झटका देतं. चाक २००० च्या आसपास कुठेतरी थांबतं. झालं, पोरगं सज्ञान झालं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२१ मध्ये मुलांच्या मोबाइल वापराबद्दल पाहणी प्रसिद्ध केली. तीत दहा वर्षांच्या मुलांपैकी ३७.८ टक्के मुलांचं फेसबुकवर आणि २४.३ टक्के मुलांचं इन्स्टाग्रामवर खातं असल्याचं आढळलं. ठळक सूचना लिहायला सांगून आठ वर्षं झाली होती तेव्हा.

हे फक्त शहरातल्या, नोएडा-गुडगावच्या टॉवरमधल्या पोरांचं दुखणं आहे असंही समजायला नको. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी मुंबईत सुरू केलेल्या 'प्रथम'चा 'असर' अहवाल ग्रामीण भारताचा असतो. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला असं सांगणारे ५७ टक्के होते, सोशल मीडियासाठी वापरला असं सांगणारे ७६ टक्के.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे मुळात अशा कंपन्यांवर दावा लावणं फार अवघड होतं. १९९६ च्या एका कायद्याचं २३० वं कलम त्यांच्या आड उभं होतं. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला प्रकाशक मानायचं नाही, असं ते कलम सांगतं. मुलीनं आत्महत्येची चित्रं बघितली, मुलाला कोणी धमकावलं, तर दोष चित्र टाकणाऱ्याचा आणि धमकावणाऱ्याचा, कंपनी मोकळी. वीस-पंचवीस वर्षं बहुतेक दावे या एका कलमावर आपटून फुटले.

तडा गेला तो २०२१ मध्ये. विस्कॉन्सिन राज्यात २०१७ साली तीन तरुण भरधाव गाडीच्या अपघातात गेले. अपघाताच्या थोडं आधी त्यांच्यातला एक जण स्नॅपचॅटचं वेग दाखवणारं फिल्टर वापरत होता. गाडी किती वेगानं चालली आहे ते फोटोवर उमटवणारं हे फिल्टर. ताशी शंभर मैलांचा आकडा गाठला की ॲप काहीतरी बक्षीस देईल, अशी समजूत पोरांमध्ये पसरली होती, असं पालकांचं म्हणणं होतं. त्यांनी दावा लावताना कोणत्याही मजकुरावर बोट ठेवलं नाही. वेगाला चिथावणी देणारी ही वस्तू बनवली कोणी, एवढंच विचारलं. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं मे २०२१ मध्ये त्यांची बाजू मान्य केली: हा आरोप सदोष वस्तू बनवल्याचा आहे, मजकूर प्रसिद्ध केल्याचा नाही, म्हणून २३० वं कलम इथे लागू होत नाही.

त्या एका निकालानं वकिलांना वाट दाखवली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये देशभरच्या केंद्रीय न्यायालयांतले दावे कॅलिफोर्नियात ओकलंडला न्या. इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांच्यापुढे एकत्र आणले गेले. त्यांत मुलांचे पालक आहेत, शाळांची मंडळं आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात चाळीसहून जास्त राज्यांच्या महान्यायवाद्यांनी फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या मालक मेटा कंपनीवर दावे लावले. राज्य न्यायालयातले हजारो दावे लॉस एंजेलिसमध्ये न्या. कॅरोलिन कूल यांच्याकडे गेले, आणि तिथलाच पहिला नमुना खटला २०२६ च्या सुरुवातीला ज्युरीपुढे उभा राहिला. वादी एक तरुणी. न्यायालयात ती आद्याक्षरांनीच ओळखली जाते. स्नॅप आणि टिकटॉक यांनी सुनावणीआधीच तिच्याशी तडजोड केली, मेटा आणि यूट्यूब लढायला उभे राहिले. फेब्रुवारीत मेटाचे प्रमुख मार्क झुकरबर्ग स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले.

या खटल्यांत ज्यावर बोट ठेवलं आहे त्या गोष्टी आपल्या इतक्या ओळखीच्या आहेत, की त्या कोणीतरी ठरवून बनवल्या आहेत हेच विसरायला होतं. पडदा खाली सरकवत जा, संपतच नाही. ही न संपणारी यादी आझा रास्किन यांनी २००६ मध्ये बनवली, आणि पुढे तिचा जाहीर पश्चात्ताप केला. त्याआधी पानाच्या तळाशी 'पुढील पान' असं बटण असे. ते दाबायचं की नाही, या क्षणभराच्या विचारात माणूस उठून जाऊ शकत होता. तो क्षण काढून टाकला. व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, म्हणजे बघायचं ठरवावं लागत नाही, थांबायचं ठरवावं लागतं. पडदा खाली ओढून सोडला की गोल फिरणारं चिन्ह येतं आणि नवं काहीतरी निघतं, किंवा निघत नाही. निघेल की नाही हे आधी कळत नाही, म्हणून हात पुन्हा तिथेच जातो. दोघांनी एकमेकांना रोज फोटो पाठवला की नावापुढचा आकडा एकेकानं वाढतो आणि एक दिवस चुकला की शून्य होतो; म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा सातवीतली पोरगी भिंतीचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवते. त्या फोटोत काहीही नसतं. मजकूर म्हणून तो कोऱ्या कागदाइतका निरुपद्रवी आहे. तिला जागं ठेवणारी गोष्ट तो आकडा आहे, आणि आकडा कंपनीचा आहे.

कुकरचा वॉल्व्ह बसवलाच नाही आणि तो फुटला, तर आत डाळ होती की तांदूळ हे कोणी विचारत नाही. मजकुरापासून रचनेकडे वळण्याचा अर्थ एवढाच आहे, पण त्यानं खटल्याची सगळी दिशा बदलते.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. 'सोशल मीडियाचं व्यसन' हा आजार म्हणून कुठल्याही अधिकृत यादीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाचा नाही. किशोरवयीन मुलांमधलं नैराश्य वाढण्यामागे फोन किती आणि घर, शाळा, स्पर्धा, महामारी किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. या नैराश्याला फोन जबाबदार धरणारं मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांचं २०२४ चं पुस्तक जितकं गाजलं तितकीच त्याच्यावर त्यांच्याच क्षेत्रातल्या अभ्यासकांनी टीका केली. एखाद्या विशिष्ट मुलीच्या आजाराचं कारण एक विशिष्ट ॲप आहे, हे सिद्ध करणं तर आणखी कठीण.

म्हणूनच मला या खटल्यांत सगळ्यात मोलाची वाटते ती भरपाईची रक्कम नव्हे. दावा टिकला की कंपनीला आपले आतले कागद विरुद्ध बाजूला द्यावे लागतात: ईमेल, सादरीकरणं, प्रयोगांचे निष्कर्ष. २०२१ मध्ये फ्रान्सेस हाउगेन यांनी फेसबुकमधून जे कागद बाहेर आणले, त्यांत इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींचा स्वतःच्या शरीराबद्दलचा न्यूनगंड वाढतो, असं कंपनीच्याच संशोधकांनी लिहून ठेवलेलं होतं. ते एका बाईच्या धाडसामुळे कळलं. खटल्यात तेच न्यायालयाच्या हुकमानं होतं. कंपनीला काय ठाऊक होतं आणि कधीपासून, हे एकदा कागदावर आलं की 'आई-बापांनी लक्ष द्यायला हवं होतं' हा युक्तिवाद पूर्वीसारखा चालत नाही.

मग आपल्याकडे असा दावा का लागत नाही? याचं उत्तर शोधताना मी कायद्याची पुस्तकं चाळली तेव्हा वाटलं होतं, तरतूदच नसेल. तरतूद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या सदोषपणाबद्दल एक अख्खं प्रकरण आहे. ८४ व्या कलमात उत्पादक जबाबदार कधी, याची यादी दिली आहे, आणि वस्तूच्या रचनेतला दोष त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. पुरेशी सूचना किंवा धोक्याचा इशारा दिला नाही, हेही आहे. इजेबरोबर येणारा मानसिक त्रास हा 'हानी'च्या व्याख्येत बसतो. बऱ्याच ग्राहकांचं दुखणं एकच असेल तर सगळ्यांच्या वतीनं एकत्र तक्रार करायची सोय आहे.

गाडी अडते ती एका शब्दापाशी. या कायद्यानं 'ग्राहक' तो, ज्यानं मोबदला दिला. आणि 'सेवे'च्या व्याख्येतून फुकट दिलेली सेवा वगळली आहे. इन्स्टाग्राम फुकट आहे. खातं उघडताना पोरानं एक पैसाही दिलेला नसतो, म्हणून ग्राहक आयोगाच्या दारात तो ग्राहकच ठरत नाही.

हा अडसर मला कायमचा वाटत नाही. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे डॉक्टरांबद्दल असाच प्रश्न आला होता. ज्या रुग्णालयात काही रुग्ण पैसे देतात आणि काहींवर फुकट उपचार होतात, तिथला फुकट रुग्ण ग्राहक आहे की नाही? न्यायालयानं सांगितलं, आहे. कारण बाकीच्यांच्या पैशातून त्याचाही खर्च निघतो. सोशल मीडियाचा खर्च जाहिरातदार देतात आणि जाहिरातदारांना विकली जाते ती मुलाची नजर, त्याचा वेळ, त्याच्या सवयींची नोंद. यापेक्षा चोख मोबदला कोणता? दिल्लीतला किंवा पुण्यातला एखादा कसलेला वकील हा मुद्दा राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे घेऊन उभा राहावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा अडसर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाचा, म्हणजे आपल्याकडच्या २३० चा. त्याच्या आजच्या रूपामागे दिल्लीतलंच एक प्रकरण आहे आणि त्याच्या मुळाशी शाळकरी मुलंच होती. २००४ मध्ये दिल्लीतल्या दोन अल्पवयीन विद्यार्थ्यांची एक अश्लील चित्रफीत कोणीतरी बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विकायला ठेवली. पोलिसांनी संकेतस्थळाचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक केली. दुसऱ्यानं टाकलेल्या वस्तूसाठी कंपनीच्या प्रमुखाला तुरुंगात टाकल्यानं उद्योगजगत हादरलं. २००८ मध्ये कायदा बदलला आणि मध्यस्थांना भक्कम संरक्षण मिळालं. तेव्हा ते योग्यच होतं. पण त्या संरक्षणाला अटी आहेत. मजकूर कोणाकडे जाणार हे मध्यस्थानं निवडू नये, मजकूरही निवडू नये किंवा बदलू नये, अशी त्यातली एक आहे. २००८ सालचं संकेतस्थळ फळ्यासारखं पडून असायचं. आजच्या रील्समध्ये कोणत्या मुलाला कोणता व्हिडिओ कोणत्या क्षणी दाखवायचा, हे कंपनीची प्रणालीच निवडते. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मायस्पेस खटल्यात आपोआप होणाऱ्या तांत्रिक बदलांना हस्तक्षेप मानलं नव्हतं, हे खरं. पण तो वाद गाण्यांच्या कॉपीराइटचा होता आणि मुद्दा फाइलच्या स्वरूपाचा होता. मुलाच्या मनाचा कल ओळखून पुढचं वाढून ठेवणं, याचा निवाडा अजून कोणी केलेला नाही.

रचनेच्या दोषाबद्दल दिल्लीच्या न्यायालयांनी पूर्वी कधी विचारच केला नाही असं मात्र नाही. ग्रीन पार्कचं उपहार चित्रपटगृह. १३ जून १९९७ रोजी दुपारी तिथे 'बॉर्डर' चालू होता. तळमजल्यावरच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधून आग लागली, धूर बाल्कनीत चढला आणि ५९ माणसं गुदमरून गेली. ट्रान्सफॉर्मर वीज मंडळाचा, तेव्हा दोष त्यांचा, अशी मालकांची भूमिका होती. न्यायालयानं बाल्कनीचा नकाशा समोर घेतला. उजव्या बाजूला मालकांसाठी आठ आसनांचा खासगी कक्ष केला होता, त्यानं तिकडचा रस्ता बंद झाला होता. रांगांमध्ये जादा खुर्च्या घातल्या होत्या. बाहेर पडायची वाट अरुंद, एका बाजूला तर नाहीच. आग कोणाची हा एक प्रश्न. माणसांना बाहेर पडता का आलं नाही, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आसनांच्या मांडणीत होतं.

२००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भरपाईचा हुकूम केला, आणि जरब बसावी म्हणून अडीच कोटींची जास्तीची रक्कम लावली. ती ठरवताना त्या जादा खुर्च्यांच्या तिकिटांतून मालकांनी किती कमावलं असेल, याचा हिशेब धरला होता. धोकादायक मांडणीतून मिळवलेला नफा हाच दंडाचा पाया! सोशल मीडियाच्या दाव्यात नेमका हाच हिशेब मांडावा लागेल: वीस मिनिटांसाठी फोन घेतलेल्या मुलाला दोन तास धरून ठेवल्यानं किती जाहिराती जास्त दिसल्या? अर्थात उपहारची पुढची कहाणी उभारी देणारी नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अडीच कोटी २५ लाखांवर आणले आणि मृतांच्या कुटुंबांची भरपाईही कमी केली. वीस वर्षांवरच्या मृतांसाठी १८ लाखांचे १० लाख, त्याखालच्यांसाठी १५ लाखांचे साडेसात. तोवर चौदा वर्षं उलटली होती, आणि हे ५९ मृत्यू डोळ्यांसमोर असताना. पोरगं रात्री झोपत नाही, चिडतं, शाळेत जायचं नाही म्हणतं, अशी तक्रार घेऊन कुठलं कुटुंब चौदा वर्षं लढेल?

म्हणून कुटुंबं न्यायालयात जात नाहीत, दवाखान्यात जातात. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. यतन पाल सिंह बल्हारा यांनी २०१६ मध्ये वर्तणुकीच्या व्यसनांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. बंगळुरूच्या निमहान्समध्ये असं केंद्र त्याच्या दोन वर्षं आधी निघालं होतं. किंवा मग गाव स्वतःच काहीतरी करतं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावच्या ग्रामसभेनं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. या गावांचं मला कौतुक आहे. पण यात सगळा भार कोणावर पडला, तेही बघायला हवं: आईवर, सरपंचावर, भोंगा वाजवणाऱ्यावर. ज्यानं ही वस्तू बनवली त्याच्यापर्यंत भोंग्याचा आवाज जात नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. अनुप जयराम भंभानी यांनी २०२५ च्या सुरुवातीला शाळेतल्या स्मार्टफोनबद्दल दिलेला आदेशही याच मर्यादेत आहे. केंद्रीय विद्यालयातल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण होतं. सरसकट बंदी नको, शक्य तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत, वर्गात वापरू देऊ नयेत, अतिवापरानं चिंता वाढते आणि लक्ष टिकत नाही हे मुलांना शिकवावं, असं त्यात सांगितलं आहे. आदेश समंजस आहे. फक्त त्यात शाळा आहे, मूल आहे, पालक आहेत, कंपनी नाही.

रचना बदलणं अशक्य असतं तर गोष्ट वेगळी होती. पण अमेरिकेत दाव्यांचा रेटा वाढल्यावर २०२४ च्या सप्टेंबरात मेटानं किशोरवयीनांसाठी इन्स्टाग्रामची वेगळी खाती आणली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती भारतातही आली. रात्री दहा ते सकाळी सात सूचनांचा आवाज बंद, तासाभरानं थांबायची आठवण, खातं आपोआप खासगी. म्हणजे जमत होतंच. इन्स्टाग्राम २०१० पासून आहे.

ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना खात्यांची बंदी केली. मूल किंवा पालक यांना शिक्षा नाही, कंपनीला मात्र ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. तेव्हापासून आपल्याकडेही 'ऑस्ट्रेलियासारखं करा' हा सूर वाढला आहे. गोव्याच्या सरकारनंही असा विचार बोलून दाखवला. दंडाचा रोख कंपनीकडे ठेवला हे ऑस्ट्रेलियानं उत्तम केलं. तरीही माझी शंका राहते. सोळावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती तीच न संपणारी यादी येणार असेल, तर आपण फक्त तारीख पुढे ढकलली.

आपल्याकडे रचनेपर्यंत पोहोचणारी एक तरतूद आता येऊ घातली आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं ९ वं कलम. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कलमात पुढे लिहिलं आहे, की मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. वागण्यावर पाळत न ठेवता रील्सची आजची प्रणाली चालेल कशी? कोणत्या व्हिडिओवर अंगठा किती वेळ थांबला, यावरच तर पुढचा व्हिडिओ ठरतो. कलम शब्दशः लावलं, तर पालकांची संमती घेऊनसुद्धा १८ च्या आतल्या मुलाला ही यादी आजच्या रूपात देता येणार नाही. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. सरकारला काहींना सूट देता येते, ती कोणाला मिळते यावर बरंच अवलंबून राहील. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू होणार आहेत. तक्रारी ऐकणाऱ्या माहिती संरक्षण मंडळाचं कार्यालय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच असणार आहे.

पण दंडाचे पैसे भारताच्या संचित निधीत जमा होतील, मुलाला किंवा त्याच्या आई-बापांना त्यातलं काही मिळणार नाही. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागायची सोय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमात आहे; ते कलम या नव्या कायद्यानं वगळलं जाणार आहे. मंडळाच्या अखत्यारीतल्या विषयावर दिवाणी न्यायालयात दावा लावायलाही मनाई आहे. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्याला मात्र १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२७ च्या मे महिन्याच्या आत संसदेनं यात निदान एक दुरुस्ती करावी: मुलांच्या बाबतीत ९ वं कलम मोडल्याचं मंडळानं ठरवलं, की त्या मुलाच्या कुटुंबाला भरपाईचा दावा लावता यावा आणि मंडळापुढे आलेले कंपनीचे कागद त्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता यावेत.